झोपेच्या गोळीआधी झोपेची डायरी : वडीलधाऱ्यांच्या निद्रानाशावर मोबाइलवरून होणारा उपचार

"वय झालं की झोप कमी होतेच." हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा बोललं जातं की त्यावर कुणी विचारच करत नाही. अम्मी रात्री दोन वाजता उठून बसलेली असते, अब्बा तीनपासून कूस बदलत असतात, आणि सकाळी चहाच्या वेळी हेच वाक्य ऐकू येतं. मग नात्यातलं कुणीतरी एका गोळीचं नाव सांगतं. औषधाच्या दुकानातून ती येते. आठ दिवसांसाठी सुरू झालेली गोळी आठ महिने, कधी आठ वर्षंही चालते. घरात तिला 'नींद की गोली' एवढंच नाव असतं. तिच्यात काय आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि आणून देणाऱ्यालाही.

या गोळीच्या आधी करून पाहण्यासारखा एक उपचार आहे आणि आता तो मोबाइल किंवा संगणकावरूनही घेता येतो. इंग्रजीत त्याला थोडक्यात सीबीटी-आय म्हणतात. मराठीत सांगायचं तर निद्रानाशासाठीचा विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार. अमेरिकेतल्या डॉक्टरांची मोठी संघटना, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स, हिने २०१६ मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना पहिला उपचार हाच द्यावा, औषधाचा विचार त्यानंतर. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही हेच आहे आणि हा उपचार समोरासमोर घ्या किंवा डिजिटल पद्धतीने, दोन्ही चालेल असं त्यात नमूद केलं आहे. आपल्या घरांपर्यंत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही, म्हणून हा लेख.

आधी 'वय झालं की' या वाक्याचा हिशेब करू. ते अर्धं खरं आहे. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, रात्री जाग जास्त वेळा येते, आणि शरीराचं घड्याळ थोडं पुढे सरकतं, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर डोळे उघडतात. हे नैसर्गिक आहे. पण ६५ वर्षांवरच्या माणसालाही साधारण सात ते आठ तास झोप लागते असं अमेरिकेतली नॅशनल स्लीप फाउंडेशन सांगते. थोड्यांचं कमी झोपेतही छान भागतं. रात्री जाग येणं म्हणजे आजार नव्हे. आजार कधी म्हणायचा? आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते, असं तीन महिने चाललं आहे, आणि त्यामुळे दिवस खराब जातो : थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, कशातच मन नाही. हे सगळं असेल तर तो जुनाट निद्रानाश आहे.

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, तो इथेच घेतो. आपल्याकडे अनेक बुजुर्ग रात्री तीन-साडेतीनला स्वतःहून उठतात, तहज्जुद पढतात, थोडं तिलावत करतात. हा निद्रानाश का? नाही. माणूस आपल्या मर्जीने उठतो, दिवसा ताजातवाना असतो, कुणाकडे तक्रार करत नाही, तर तिथे बरं करण्यासारखं काहीच नाही. तक्रार तेव्हा, जेव्हा माणूस झोपायला तळमळतो आणि झोप येत नाही.

निद्रानाश टिकतो कशामुळे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात याची एक सोपी मांडणी केली. तीन गोष्टी असतात. काही लोकांची झोप मुळातच नाजूक असते. मग काहीतरी घडतं : जोडीदाराचं निधन, ऑपरेशन, मुलीच्या घरची काळजी, निवृत्ती. त्याने झोप उडते. इथपर्यंत ठीक, कारण दुःख किंवा दुखणं ओसरलं की बहुतेकांची झोप परत यायला हवी. ती परत का येत नाही, हे तिसऱ्या गोष्टीत आहे. झोप गेली म्हणून आपण जे उपाय करतो, तेच तिला परत येऊ देत नाहीत. लवकर अंथरुणात पडणं, सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी दोन तास झोपून घेणं, रात्रभर घड्याळ बघणं. उपचार होतो तो या तिसऱ्या गोष्टीवर.

आपल्या घरांतलं एक नेहमीचं चित्र घ्या. इशाची नमाज झाली, जेवण झालं, दादाजी नऊ वाजता आडवे झाले. फजरसाठी उठले साडेपाचला. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास. झोप मात्र लागते साडेपाच तासांची. उरलेले तीन तास छताकडे बघण्यात जातात. साडेपाचला साडेआठने भागून शंभरने गुणलं तर येतात ६५ टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या झोपेत हा आकडा ८५ च्या आसपास किंवा वर असतो. साडेपाच तासांची झोप साडेआठ तासांवर पसरली, तर कणीक कमी आणि पोळी मोठी लाटायची असा प्रकार होतो. मधे भोकं पडणारच.

अंथरुणात जागं पडून राहण्याचा दुसरा तोटा याहून मोठा आहे. मेंदू हळूहळू शिकतो की ही जागा तळमळण्याची आहे. म्हणून टीव्हीसमोर खुर्चीत पेंगणारी दादी गादीवर पडली रे पडली की टक्क जागी होते. तिला वाटतं आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय. खरं म्हणजे गादी आणि जागरण यांची जोडी जमली आहे.

उपचारात काय करायला लावतात?

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त डायरी भरायची. किती वाजता पडलो, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, एकूण किती वेळ जागा होतो, किती वाजता कायमचा उठलो, दिवसा किती झोपलो. अंदाज पुरेसा आहे, रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. आम्ही शिक्षक मंडळी मुलांच्या वह्यांच्या मागे लागतो, पण इथे गृहपाठ आजी-आजोबांचा आहे आणि उपचाराचा पाया तोच आहे. मनगटावरच्या घड्याळाने झोप मोजली म्हणून डायरी टाळू नका. ते घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, आणि निपचित जागं पडलेल्या माणसाला झोपलेलं समजण्याची चूक करतं.

दुसऱ्या आठवड्यापासून खरी कसोटी. अंथरुणातला वेळ कमी करायचा. वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल. झोप नाही म्हणून आलेल्या माणसाला कमी झोपायला सांगायचं? पण तर्क साधा आहे. झोपेचीही भूक असते. दिवसभर तोंडात काहीतरी टाकत राहिलं तर जेवणाच्या वेळी भूक लागत नाही, तसंच अंथरुणात लोळत राहिलं तर झोपेची भूक मरते. वरच्या दादाजींची सरासरी झोप साडेपाच तास. वयाचा विचार करून त्यांना थोडी सूट द्यायची आणि सहा तासांची खिडकी ठरवायची. उठायची वेळ साडेपाच, ती हलणार नाही. म्हणजे आडवं व्हायची वेळ रात्री साडेअकरा. नऊ वाजता नाही! आठवडाभर असं केल्यावर सहापैकी सव्वापाच तास सलग झोप लागू लागली, तर कार्यक्षमता ८७ टक्क्यांवर गेली. मग खिडकी १५ मिनिटांनी वाढवायची, सव्वाअकरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशेब. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत माणूस आपल्या खऱ्या गरजेपर्यंत पोहोचतो. झोप कितीही कमी असो, खिडकी पाच-साडेपाच तासांखाली न्यायची नाही.

सगळ्यात अवघड काय असतं? रात्री नऊ ते साडेअकरा जागं राहणं. इथे घरच्यांचं काम सुरू होतं. दादाजींना एकटं बसवून सगळे आपापल्या मोबाइलमध्ये गेले तर ते पेंगणारच. त्यांच्याशी बोला, नातवाचा उर्दूचा किंवा मराठीचा धडा त्यांच्याकडून करून घ्या, लसूण सोलायला द्या. आम्हाला तर वाटतं, उपचाराचा अर्धा फायदा या दोन तासांतच असावा, पण हा आमचा आपला अंदाज.

दुसरा नियम अंथरुणाचा. रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७० च्या दशकात मांडला आणि आजही तो तसाच वापरतात. अंथरूण फक्त झोपेसाठी. खरी पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांत करायचं, आणि पेंग आली की परत यायचं. रात्रीत कितीही वेळा.

आता हा नियम मोठ्या बंगल्यातल्या माणसाने लिहिलेला वाटेल. आपल्याकडे दीड खोलीत सहा माणसं असतात. हॉलमधला दिवाण हाच दादाजींचा पलंग, तिथेच ते दिवसभर पेपर वाचतात, पाहुण्यांशी बोलतात, औषधं घेतात, टीव्ही बघतात. दुसरी खोली आणायची कुठून? तोडगा असा की दिवसाची जागा आणि रात्रीची जागा थोडी तरी वेगळी करायची. दिवसा खुर्चीत बसावं, दिवाणावरची रात्रीची चादर-उशी सकाळी उचलून ठेवावी आणि रात्रीच अंथरावी. रात्री जाग आली तर त्याच खुर्चीत येऊन बसावं. आणि एक खबरदारी कुठल्याही नियमापेक्षा मोठी : रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पडू देऊ नका. मोरीपर्यंत छोटा दिवा, पायात न घसरणारी चप्पल, वाटेत सतरंजीची घडी किंवा चार्जरची वायर नको. तोल जात असेल, तर उठण्याऐवजी पाठीला उशी लावून पलंगावरच बसायला सांगतात.

तिसरा भाग विचारांचा. 'आज झोपलो नाही तर उद्या शुगर वाढेल', 'आठ तास झाले नाहीत म्हणजे मेंदूवर परिणाम होणार', 'माझी झोप कायमची गेली'. रात्री दोन वाजता हे विचार खरेच वाटतात. उपचारात ते कागदावर लिहून तपासायला लावतात. मागच्या महिन्यात किती रात्री वाईट गेल्या, आणि त्यातल्या किती दिवशी खरोखर काही बिघडलं? काळजीसाठी वेळही ठरवून देतात. असरनंतर पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं, मुलाची नोकरी, घरभाड्याची थकबाकी, गुडघ्याचं ऑपरेशन, जे असेल ते लिहायचं आणि त्यापुढे उद्या काय करणार तेही. रात्री तोच विषय डोक्यात आला, तर 'हे वहीत आहे' असं मनाला सांगता येतं.

चहा, तंबाखू, रात्रीचं जड जेवण, मोबाइलचा उजेड यांबद्दलच्या सूचनाही असतात. त्या ठीक आहेत. पण फक्त संध्याकाळचा चहा बंद करून जुनाट निद्रानाश जात नाही. पुष्कळ लोक एवढंच करतात आणि 'आम्ही सगळं करून पाहिलं' म्हणतात.

हे ऑनलाइन कसं चालतं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात ली रिटरबँड आणि सहकाऱ्यांनी 'शटआय' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात सहा धडे आहेत. एक धडा साधारण तासाभराचा, आणि तो झाल्यावर आठवडा गेल्याशिवाय पुढचा उघडत नाही. शाळेत जसं मागचं आल्याशिवाय पुढचं शिकवायचं नाही, तसंच. माणूस रोज डायरी भरतो आणि कार्यक्रम हिशेब करून त्याची झोपेची खिडकी ठरवतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३०३ प्रौढ होते. अर्ध्यांना हा कार्यक्रम मिळाला, अर्ध्यांना झोपेविषयीची फक्त माहिती. वर्षभरानंतर कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ५६.६ टक्के लोकांचा निद्रानाश गेलेला होता. पुढे याच गटाने ५५ वर्षांवरच्यांसाठी वेगळी आवृत्ती बनवली.

ब्रिटनमध्ये 'स्लीपिओ' नावाचा असाच कार्यक्रम आहे. तिथली सरकारी सल्लागार संस्था नाइस हिने मे २०२२ मध्ये त्याची शिफारस केली : ज्यांना एरवी झोपेची गोळी किंवा नुसत्या सूचना दिल्या असत्या, त्यांना हा पर्याय द्यावा. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये 'सोमरिस्ट' आणि २०२४ मध्ये 'स्लीपिओ-आरएक्स' यांना मान्यता दिली. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे कार्यक्रम. मोफत हवं असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने बनवलेलं 'इन्सोम्निया कोच' हे ॲप आहे. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे शिकलेल्या मुलाने किंवा नातीने शेजारी बसून समजावून द्यावं लागेल.

म्हातारी माणसं हे करू शकतील का, ही शंका आम्हाला अनेक घरांत ऐकायला मिळते. उपचार म्हाताऱ्यांवर चालतो का, याचं उत्तर जुनं आहे. १९९९ मध्ये कॅनडाचे चार्ल्स मोरिन यांनी सरासरी ६५ वर्षं वयाच्या ७८ लोकांवर अभ्यास केला. काहींना वर्तन उपचार, काहींना टेमाझेपाम ही झोपेची गोळी, काहींना दोन्ही, काहींना साखरेसारखी खोटी गोळी. आठ आठवड्यांनी तिन्ही खरे उपचार खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले. फरक नंतर दिसला. दोन वर्षं पाठपुरावा केला तेव्हा वर्तन उपचाराचा फायदा टिकून होता, गोळीचा टिकला नाही. २०११ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या अभ्यासात ७९ वृद्धांपैकी काहींना फक्त दोन भेटी आणि दोन फोन एवढाच छोटा उपचार दिला, तोही नर्समार्फत. चार आठवड्यांनी त्यांतल्या ५५ टक्के लोकांचा निद्रानाश गेला. ज्यांना छापील माहिती दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्के होतं. म्हणजे फोनवरूनही काम होऊ शकतं, मोठं तंत्रज्ञान लागतंच असं नाही.

झोपेच्या पलीकडचाही एक फायदा आहे, आणि आमच्या मते तो सगळ्यात मोलाचा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल अर्विन यांनी ६० वर्षांवरच्या, निद्रानाश असलेल्या पण उदासीनतेचा आजार नसलेल्या २९१ लोकांना घेतलं. तीन वर्षांत, नुसती झोपेची माहिती मिळालेल्यांपैकी २५.९ टक्के लोकांना उदासीनतेचा आजार झाला. ज्यांनी हा उपचार घेतला, त्यांच्यात १२.२ टक्क्यांना. हा उपचार समोरासमोर गटांत दिला होता, ऑनलाइन नव्हे, हे इथे सांगायला हवं. पण अम्मीच्या झोपेकडे दुर्लक्ष करणं म्हणजे काय, हे या आकड्यांतून कळतं.

मोबाइलवरच्या कार्यक्रमाचा दुबळेपणाही आहे. लोक तो मध्येच सोडतात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा खिडकी छोटी झालेली असते आणि दिवसा पेंग येते. पहिले एक-दोन आठवडे तब्येत आधीपेक्षा वाईट वाटू शकते, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. त्या काळात स्कूटर चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही. कुणीतरी रोज 'डायरी भरली का?' विचारणारं असेल तर माणूस टिकतो. दुबई किंवा रियाधला असलेला मुलगा इथे फार उपयोगी पडू शकतो. तो रोज व्हिडिओ कॉल करतोच. 'तब्येत कशी आहे' याच्यासोबत तेवढं एक विचारावं.

गोळी चालू असेल तर

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी नावं. यांतली अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम भारतात शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. तिन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि एच-१ मधल्या या दोन औषधांची दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते. 'ओळखीचा आहे, देतो' म्हणणारा दुकानदार आपलं भलं करत नसतो. अमेरिकेतली वृद्धरोग तज्ज्ञांची संघटना वृद्धांनी टाळावीत अशा औषधांची यादी काढते, तिला बीअर्स निकष म्हणतात. त्यात या प्रकारच्या गोळ्या आहेत. कारणं : पडणं, हाड मोडणं, गोंधळल्यासारखं होणं. रात्री मोरीत जाताना पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ती कुठली गोळी घेत होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

पण हे वाचून आजच अम्मीची गोळी फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, हात थरथरतात, घबराट होते, क्वचित झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडी थोडी कमी करत, काही आठवडे किंवा महिने घेऊन ती सोडवतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात ६५ वर्षांवरच्या, अशी गोळी घेणाऱ्या लोकांना एक साधी पुस्तिका दिली गेली. तिच्यात गोळीचे धोके आणि ती हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक होतं, आणि डॉक्टर किंवा औषध विक्रेत्याशी बोला असं सांगितलं होतं. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण बंद केली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती, त्यांच्यात ५ टक्क्यांनी. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. समजावून सांगितलं तर म्हातारी माणसं ऐकत नाहीत, हा आपला गैरसमज आहे.

हा उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जायलाच हवं, कारण काही वेळा झोप न येणं हे दुसऱ्याच आजाराचं लक्षण असतं. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं हे झोपेतल्या श्वसनाच्या विकाराचं लक्षण आहे, त्याला वेगळा उपचार लागतो. रात्री पाय वळवळणं, सारखं लघवीला उठावं लागणं, सांधेदुखी, थायरॉइड, आणि उदासीनता हीही कारणं असतात. रक्तदाबासाठी लघवीचं औषध रात्री घेतलं जात असेल तर त्याची वेळ बदलता येईल का, एवढं एक विचारून बघा. फिट येण्याचा त्रास किंवा मनाची स्थिती टोकाच्या उत्साहापासून टोकाच्या उदासीपर्यंत फिरण्याचा आजार असेल, तर झोप कमी करण्याचा भाग घरी स्वतःहून करू नये, त्याने आजार उफाळू शकतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठीही आधी तज्ज्ञाला विचारावं.

मानसिक आरोग्याच्या डॉक्टरकडे जायला आपल्या समाजात अजून लाज वाटते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, ती २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे. तिथे झोपेची तक्रार सांगता येते आणि पुढे कुठे जायचं हे कळतं. 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येतं.

नमाजच्या वेळा आणि हा उपचार

या उपचारातली सगळ्यात कडक अट म्हणजे उठण्याची वेळ रोज एकच. जगभर लोकांना हीच गोष्ट जमत नाही, रविवार आला की मोडते. फजरला उठणाऱ्या माणसाला ती आधीच जमलेली असते. मुंबईत वर्षभरात फजरची वेळ तासाभराहून थोडी जास्त सरकते, पण एका आठवड्यात काही मिनिटंच, तेवढ्याने हिशेब बिघडत नाही. बिघडतो तो फजरनंतर परत झोपल्याने. साडेसहाला पुन्हा पडून नऊला उठणारे बुजुर्ग रात्रीची झोप सकाळीच खर्च करून टाकतात. उपचाराच्या काळात नमाजनंतर अंथरुणाकडे न जाता बाहेर पडावं, चालावं, सकाळच्या उजेडात बसावं. एक बारकावा मात्र आहे. ज्यांना संध्याकाळी आठलाच पेंग येते आणि पहाटे तीनला जाग येते, त्यांना उलट संध्याकाळचा उजेड हवा. त्यांनी असर-मगरिबच्या दरम्यान बाहेर असावं.

दुपारची छोटी झोप, कैलूला, अनेकांच्या सवयीची असते. तरुणांना या उपचारात दिवसा अजिबात झोपू देत नाहीत, वृद्धांना थोडी सवलत आहे. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, तीनच्या आधी, आणि गजर लावून. जोहरच्या नमाजनंतर वीस-पंचवीस मिनिटं बरोबर बसतात. तहज्जुदला उठणाऱ्यांनी ती वेळही डायरीत लिहावी आणि शक्यतो रोज एकच ठेवावी.

रमजानमध्ये हा उपचार सुरू करू नये असं आमचं मत आहे. तरावीहमुळे झोपायला उशीर, सहरीसाठी मध्यरात्रीनंतर उठणं, मग परत झोपणं, अशात खिडकी ठरवणं शक्य नाही. त्यात औषधांच्या वेळाही बदललेल्या असतात. उपचार आधीच सुरू असेल तर त्या महिन्यात फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात : झोप आली तरच आडवं व्हायचं, आणि दिवसाची झोप एकाच ठरलेल्या वेळी घ्यायची. ईद झाली की पहिला आठवडा नुसती डायरी भरावी आणि त्या आकड्यांवरून खिडकी नव्याने काढावी, जुनी वेळ तशीच पुढे चालू ठेवू नये.